पप्पांचं नाक

न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या हेन्डरसन भागातल्या आमच्या घराला गराज होतं, पण त्यात गाडी कधी उभी राहिली नाही. गाडी बाहेर उतारावर असायची. आत सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांतून आणलेली तांदळाची पोती, तुरडाळीचे डबे, आईचं वॉशिंग मशीन आणि पावसाळी दिवसांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेल्या दोरीवर तिचे हॉस्पिटलचे गणवेश. जमीन सिमेंटची, पत्रा पातळ. जानेवारीत आत घाम फुटायचा आणि जुलैत बोटं वाकायची नाहीत. त्या गराजात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मी बिअर बनवायला सुरुवात केली. दर रविवारी जिथे पंचशील म्हटलं जायचं अशा घरातली मी एकुलती एक मुलगी. आता माझे केस पप्पांच्या तेव्हाच्या केसांहून पांढरे झाले आहेत, पण हे लिहिताना अजूनही मागे कुणी उभं आहे का ते पाहावंसं वाटतं.

त्या वर्षी मला मेडिकलला प्रवेश मिळाला नव्हता. आई नर्स, त्यामुळे मी डॉक्टर होणार हे घरात कुणी न बोलता ठरलेलं होतं. निकाल आल्यावर कुणी रागावलं नाही. आईने त्या दिवशी मटणाचा रस्सा केला, पप्पांनी माझ्या ताटात नळी वाढली, आणि तिघंही टीव्ही लावून जेवलो. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरात बसून त्या न बोलण्याचा कंटाळा आला, म्हणून मी रॉसच्या दुकानात कामाला लागले. रॉस साठीच्या आसपासचा, बारा महिने जॅन्डल्स, म्हणजे रबरी सपाता, घालणारा माणूस. त्याच्या मोठ्या शेडमध्ये पुढच्या बाजूला घरी बिअर करणाऱ्यांसाठी लागणारं सामान मिळायचं आणि मागच्या बाजूला, प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या पडद्याआड, त्याची स्वतःची छोटी ब्रुअरी होती. घरी मी सांगितलं, ‘किचनच्या सामानाचं दुकान आहे.’ ते अगदीच खोटं नव्हतं.

महिनाभरात रॉसने मला एक जुनी प्लास्टिकची टाकी आणि तारीख उलटून गेलेला माल्टचा, म्हणजे जवाच्या पाकाचा, डबा दिला. ‘गिऱ्हाईकांना सांगायचं तर एकदा स्वतः करून बघ,’ तो म्हणाला. आई ड्यूटीवर असताना मी स्वयंपाकघरात तो काळा, चिकट पाक गरम पाण्यात विरघळवला, साखर घातली, थंड पाणी ओतून टाकी भरली, वर यीस्टची पुडी सोडली आणि टाकी ढकलत गराजमध्ये तांदळाच्या पोत्यांमागे नेऊन ठेवली. झाकणाला पाणी भरलेली एक वाकडी नळी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यातून ‘टुपुक’ असा आवाज आला. मग थोड्या वेळाने पुन्हा. दुपारपर्यंत तो एका लयीत यायला लागला. मी पोत्याला टेकून सिमेंटवर बसून राहिले. त्या महिन्यांत माझ्या हातून सुरू होऊन चाललेली ती एकच गोष्ट होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पप्पा पेनरोजहून आले. तिथल्या एका डेपोत ते माल उचलून ट्रॉलीवर लावायचे. नेहमी ते पुढच्या दाराने यायचे. त्या दिवशी उतारावरच थांबले, मान थोडी वर केली आणि सरळ येऊन गराजचं दार उघडलं. मी आत गणवेश वाळत घालत होते. त्यांनी पोती बाजूला सारली, टाकीवर हात ठेवला, मग नळीपाशी नाक नेलं.

‘केळ्याचा वास येतोय,’ ते म्हणाले. ‘टाकी फार तापली आहे. ओलं फडकं गुंडाळ.’

मी फडकं आणायला गेले. परत आले तर ते टाकीसमोर उकिडवे बसून नळीतले बुडबुडे घड्याळ लावून मोजत होते.

पप्पा नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होते, हे मला माहीत होतं, पण जसं आपल्याला आपल्या जन्माचं गाव माहीत असतं तसं. मी दहा वर्षांची असताना आम्ही इथे आलो. त्याआधीचं मला आठवतं ते त्यांच्या शर्टाला येणारा मळीचा आंबूस गोड वास आणि सायकलच्या हँडलला अडकवलेला डबा. हयातीत दारूचा थेंब जिभेला न लावलेला हा माणूस वीस वर्षं नुसत्या वासावर टाक्या सांभाळत होता. यंत्र सांगायच्या आधी ते सांगायचे, सात नंबर बिघडतेय. ऑकलंडला आल्यावर त्यांनी दोन वर्षं अर्ज केले. सगळीकडून तेच उत्तर आलं, इथला अनुभव नाही. मग त्यांनी अर्ज करणं थांबवलं, आणि सर्टिफिकेटांची फाइल कपाटावर गेली. त्याबद्दल ते कधी बोलायचे नाहीत. मीही कधी विचारलं नाही. दहा वर्षांची मुलगी नाही विचारत, पण एकोणीस वर्षांच्या मुलीने विचारायला हवं होतं.

आईला कळायला दोन दिवसही लागले नाहीत. ती गराजच्या दारात उभी राहिली, गणवेशातच, पायात कामाचे पांढरे बूट.

‘अहो, तुम्हाला माहीत होतं हे?’

‘हो,’ पप्पा म्हणाले.

‘माझा भाऊ कशाने गेला ते विसरलात?’

‘नाही विसरलो, मंगल.’

‘कारखान्यात होतात तेव्हा मी काही बोलले नाही. पोटासाठी होतं. इथे कशासाठी? आठवड्याला चार जण येतात माझ्या वॉर्डात, पोटात पाणी झालेले. मी पुसते त्यांना. आणि माझ्या घरात माझी पोरगी हे करणार?’

पप्पांनी टाकीवरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाले, ‘या घरात कुणी पिणार नाही. केलेलं सगळं त्या रॉसकडे जाईल. मला फक्त करू दे.’

तोवर टाकी माझी होती. ‘मला करू दे’ हे ऐकून आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे काही मागितलं असेल असं मला वाटत नाही. ती आत गेली आणि कुकर लावला. त्यानंतर ती गराजमध्ये कपडे वाळत घालायला यायची तेव्हा टाकीकडे बघायची नाही, पण फडकं सुकलेलं दिसलं तर ओलं करून ठेवायची.

अशी आमची सुरुवात झाली. पहिली बिअर रॉसने तोंडात घेतली आणि सिंकमध्ये थुंकली. दुसरी त्याने गिळली. तिसऱ्या वेळी पप्पांनी डब्यातला पाक बंद करून अख्खे जव आणायला लावले, आणि मग शनिवार-रविवार आमचं घर कारखाना झालं. आईचं मोठं पातेलं, जुन्या चादरीची पिशवी, मध्ये थर्मामीटर. भिजलेल्या जवांची वाफ घरभर पसरायची, ताज्या भाकरीसारखी. पप्पांचा सगळा जोर धुण्यावर. ‘बिअर यीस्ट करतं,’ ते म्हणायचे, ‘आपण फक्त भांडी घासायची.’ मी घासलेली बाटली ते उजेडात धरायचे, हुंगायचे आणि दहातल्या तीन परत करायचे. जवांचा उरलेला चोथा टाकून द्यायचं त्यांच्या जिवावर यायचं. तो वाळवून, दळून, कांदा-तिखट घालून त्यांनी थालीपीठं लावली. आईने पहिल्यांदा ताट बाजूला सरकवलं. पुढच्या आठवड्यात एक तुकडा मोडून म्हणाली, ‘मीठ कमी आहे.’

मी विद्यापीठात अन्नशास्त्राला नाव घातलं ते त्याच वर्षी. कुणी सुचवलं नव्हतं. वर्गात जे शिकवायचे ते मी घरी येऊन पप्पांना इंग्रजीत सांगायचे आणि ते त्याला कारखान्यातलं नाव द्यायचे. माझं मराठी त्या गराजमध्ये परत आलं. तोवर आई-पप्पा मराठीत बोलायचे आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. आज माझी मुलगी मला तशीच उत्तरं देते, आणि मी तिला काही म्हणत नाही.

दुसऱ्या वर्षी कधीतरी पप्पांनी एक नवी पद्धत सुरू केली. टाकीतून ग्लासभर काढायचे, माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, ‘आधी तू सांग.’ मी हुंगून सांगायचे. ते ग्लास घेऊन डोळे मिटायचे, नाकाशी धरायचे आणि मान हलवायचे, ‘बरोबर.’ मला केवढा अभिमान वाटायचा. मी त्यांच्याइतकी तयार झाले, आता ते माझ्या नाकावर विसंबतात, असं मला वाटलं. बाटल्या परत करणंही थांबलं होतं. मी समजले, मी आता नीट घासते.

मग एका रविवारी मी बुद्धवंदनेहून परत आले तर सगळ्या घरात करपलेल्या दुधाचा धूर, आणि पप्पा स्वयंपाकघराच्या टेबलापाशी पेपर वाचत बसलेले, गॅसला पाठ करून. मी खिडक्या उघडल्या. ते दचकले. ‘वाचण्यात लक्ष होतं,’ म्हणाले. त्याच आठवड्यात एका टाकीचं झाकण नीट बसलं नव्हतं आणि आतली बिअर आंबली. गराजच्या दारातच नाकात व्हिनेगर शिरत होतं. पप्पा माझ्याआधी तिथे पोचले होते. नळी काढून, वाकून टाकीत नाक घालून उभे होते.

‘छान झाली आहे,’ ते म्हणाले. ‘बाटल्या काढ.’

मला वाटलं, गंमत करताहेत. पण ते बाटल्या मांडायला लागले. मी म्हटलं, ‘पप्पा, वास येतोय ना तुम्हाला?’

त्यांच्या हातातली बाटली तशीच राहिली. बाहेर शेजाऱ्यांचं गवत कापायचं यंत्र चालू होतं. ते बंद झालं तेव्हा पप्पांनी बाटली खाली ठेवली. मग खाली बघत म्हणाले, ‘वर्ष होऊन गेलं. आधी थोडं थोडं कमी झालं. आता काहीच नाही. आईला सांगू नकोस. सर्दीचं असेल, जाईल.’

‘डॉक्टरला दाखवू या.’

‘दाखवू. पण तू सांगू नकोस.’

मी सांगितलं नाही. चार महिने. आई शेजारच्या खोलीत झोपत होती, नर्स होती, पंचवीस वर्षं आजारी माणसं बघत होती, आणि मी तिच्याबरोबर कांदे चिरले, कपड्यांच्या घड्या घातल्या, सँडरिंगहॅमला जाऊन आंबे निवडले, पण बोलले नाही. पप्पांनी माझ्यावर टाकलेलं हे पहिलं गुपित होतं आणि ते सांभाळणं मला प्रेम वाटत होतं.

त्या चार महिन्यांच्या शेवटी रॉसने पप्पांना कामाबद्दल विचारलं. त्याचा ब्रुअर काम सोडून दक्षिण बेटावर चालला होता. पप्पांची बिअर तो दोन वर्षं पीत होता. ‘शान,’ तो म्हणाला. शांताराम हे पप्पांचं नाव त्याला कधी जमलं नाही. ‘शनिवारी ये. मागचं सगळं दाखवतो, चार ग्लास हुंगायला देतो, तेवढंच. माझ्या दृष्टीने काम तुझंच आहे.’ पप्पांनी कपाटावरची फाइल काढली, पुसली. आईने पांढऱ्या शर्टाला स्वतः इस्त्री केली. शर्ट हँगरला लावताना तिने कॉलरवरून दोनदा हात फिरवला. दारूला न शिवण्याचं पाचवं शील एवढं पाळणारी माझी आई, नवऱ्याला दारूच्या कामावर पाठवायला शर्ट तयार करत होती, कारण पेनरोजहून रोज येणारा माणूस तिनेही पाहिला होता.

शुक्रवारी संध्याकाळी पप्पा मला म्हणाले, ‘उद्या माझ्या शेजारी उभी राहशील?’

मी म्हटलं, ‘राहीन. तुम्ही नेहमीसारखं म्हणा, आधी तू सांग. मी सांगेन.’

त्यांनी मान हलवली. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो.

शनिवारी रॉसने टाक्या दाखवल्या. पप्पा पाइपांवरून हात फिरवत चालले होते, एक झडप गळतेय ती कानाने ओळखली, तापमानाच्या नोंदी वाचून कालची टाकी का रखडली ते सांगितलं. रॉस खूश होता. मग त्याने स्टीलच्या टेबलावर चार ग्लास मांडले, वर कागदाची झाकणं. मी पप्पांच्या डाव्या हाताला उभी होते. तेवढ्यात पुढे दुकानाची घंटी वाजली. ‘प्रज्ञा, बघतेस का जरा?’ रॉस म्हणाला. मी पप्पांकडे पाहिलं. ते म्हणाले, ‘जा.’

एका बाईला बाटल्यांची बुचं हवी होती. तिला रंग ठरवता येईना. मी सोनेरी दिली, लाल दिली, पुन्हा सोनेरी दिली, आणि पडद्याच्या पट्ट्यांमधून मला पप्पांची पाठ दिसत होती, इस्त्रीची घडी सरळ. त्यांनी पहिला ग्लास उचलला. दुसरा. तिसऱ्यापाशी ते फार वेळ थांबले. बाई गेली तेव्हा मी जवळजवळ पळतच आत शिरले, आणि त्यांनी तो ग्लास खाली ठेवला.

‘रॉस,’ ते त्यांच्या सावकाश इंग्रजीत म्हणाले, ‘मला यातलं काहीच कळत नाही. मला वास येत नाही. वर्षाहून जास्त झालं. तुला आधी सांगायला हवं होतं.’

रॉसने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. तिसऱ्या ग्लासातून बिघडलेल्या बिअरचा लोण्यासारखा वास इतका सरळ येत होता की शाळेतल्या पोरानेही ओळखला असता. रॉस खूप चांगला माणूस. तो म्हणाला, ‘पाइप आहेत, नोंदी आहेत, हीप्स ऑफ, ढीगभर काम आहे, शान, काहीतरी जमवू.’ पप्पांनी त्याचा हात हातात घेतला, आभार मानले, आणि फाइल उचलली. ती उघडलीच गेली नव्हती.

गाडीत मी म्हटलं, ‘मी येतच होते, पप्पा. एक मिनिट थांबायचं होतं.’

‘माहीत आहे,’ ते म्हणाले. ‘पण तू रोज कुठे येणार? त्याच्या टाक्या खराब झाल्या असत्या.’

मग सिग्नलला म्हणाले, ‘तुला खोटं बोलायला लावलं मी. ते चूक झालं.’

घरी आल्यावर त्यांनी स्वतः आईला सांगितलं. ती लसूण सोलत होती. तिने सुरी ठेवली, त्यांना खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सांगितलं, आणि बघत राहिली. मीही तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चालताना त्यांचा डावा हात हलत नव्हता, अंगाला चिकटून होता. आईने त्यांना खुर्चीत बसवलं आणि दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं, नाडी बघावी तसं, पण ती नाडी बघत नव्हती.

‘तुला कधीपासून माहीत होतं?’ तिने मला विचारलं.

‘चार महिने.’

ती ओट्याकडे वळली आणि उरलेला लसूण सोलला. डॉक्टरांनी पुढे कंपवात असल्याचं सांगितलं. हा आजार हात थरथरायच्या कितीतरी आधी नाक नेतो, आणि चार महिने आधी कळून फार काही बदललं नसतं, असंही सांगितलं. आईने ते ऐकलं, मान हलवली, मला वाक्य न वाक्य समजावूनही दिलं. पण शेवटपर्यंत तिने त्या चार महिन्यांबद्दल मला क्षमा केली की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही आणि आता ती नाही.

पप्पा सोमवारी पेनरोजला गेले. हात साथ देईपर्यंत आणखी दोन वर्षं गेले. गराजमधली टाकी धुऊन उपडी ठेवली ती त्यांनीच. रॉसने ते काम मला दिलं. मी नको म्हणत होते, पप्पांनी घ्यायला लावलं. आई म्हणाली, ‘घरी येऊन कामाचं काही सांगत बसू नकोस. त्यांना विचारावंसं वाटेल तेव्हा विचारतील.’ मी दिवसभर टाक्यांपाशी असायचे, घरी यायचे, अंघोळ करून कपडे मशीनमध्ये टाकायचे, मग त्यांच्यासमोर बसायचे. ते बातम्या बघायचे. असे तीन आठवडे गेले.

एका संध्याकाळी त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. ‘आता काय चालू आहे?’

मी सांगितलं. कोणते जव, किती यीस्ट, किती तापमान.

‘टाकी कितव्या दिवशी गार केलीस?’

‘पाचव्या.’

‘घाई केलीस. कच्च्या सफरचंदाचा वास येत असेल.’

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. आई ऐकत होती. पप्पा उजव्या हाताखाली डावा हात दाबून माझ्याकडे बघत होते, पुढे वाकून, कारखान्यातून कुणीतरी विचारायला आल्यासारखे.

‘हो, पप्पा,’ मी म्हटलं. ‘थोडासा येतोय.’

‘मग उद्या तापमान दोन अंशांनी वाढव. तीन दिवस हात लावू नकोस.’ आणि मग ते बोलत राहिले, अर्धा तास तरी, यीस्ट अर्धवट काम टाकून का बसतं, त्याला परत कसं उठवायचं, कोणत्या वर्षी अकरा नंबरच्या टाकीत असंच झालं होतं. मी वही आणून लिहून घेतलं.

टाकीत तसला काही वास नव्हता. बिअर स्वच्छ उतरली होती. पुढची नऊ वर्षं, ते होते तोवर, मी त्यांच्यासाठी अशा कितीतरी टाक्या बिघडवल्या.